फोन सांगतो, सर्व्हर ठरवतो : पेठांमधून चालत खेळायच्या मोबाईल गेमची मांडणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही दोघं मित्र पुण्याच्या पेठांमध्ये चालत खेळायचा एक गेम करताय. वाडे, चौक, मंडई, जुने दरवाजे अशा तीनेकशे जागा नकाशावर ‘चौक्या’ म्हणून दिसणार, जवळ गेलं की चौकी आपल्या संघाच्या नावावर करता येणार. एकाला युनिटी (गेम बनवायचं साधन) येतं, दुसऱ्याला नोड (सर्व्हरचा कोड चालवायचं साधन). पहिल्या महिन्यात पाचशे खेळाडू धरलेत. तुम्ही विचारलंय की कोणतं काम फोनवर ठेवायचं आणि कोणतं सर्व्हरवर, वेबसॉकेट (फोन आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन) लागेल का, आणि खोटं लोकेशन देणाऱ्यांचं काय करायचं.

मी गेली काही वर्षं अशाच गेम्सची सर्व्हरची बाजू सांभाळते. उत्तर शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण त्यावरच आधीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं ठरतात.

फोन जे अक्षांश-रेखांश पाठवतो ते त्याचं म्हणणं असतं : ‘मला वाटतं मी इथे आहे.’ हे म्हणणं दोन कारणांनी चुकीचं असू शकतं. खेळाडू लबाडी करत असेल, किंवा फोन प्रामाणिकपणे चुकत असेल. नवीन माणसं पहिल्या कारणाची धास्ती घेतात. माझ्या अनुभवात रोजचा त्रास दुसऱ्याचा असतो, आणि पेठांमध्ये तो जास्तच.

एकदा तुळशीबागेतल्या आतल्या बोळात मी फोन हातात धरून दोन मिनिटं एकाच जागी उभी राहिले होते. वर ताडपत्र्या, दोन्ही अंगांना दुकानं आणि त्यांच्यावर मजले. नकाशावरचा ठिपका आधी बाजीराव रस्त्यावर गेला, तिथून विश्रामबाग वाड्यापाशी, आणि मग परत माझ्यापाशी आला. मी पाऊलभरही हलले नव्हते. उपग्रहाचा सिग्नल भिंतीवर आपटून फोनपर्यंत पोचला की त्याने कापलेलं अंतर वाढतं, आणि फोन समजतो की उपग्रहच तेवढा लांब आहे. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरच्या आत जागा सांगतो. त्या बोळात तोच फोन पन्नास मीटर सहज चुकतो.

म्हणून प्रत्येक लोकेशनबरोबर फोन जो ‘अचूकता’ नावाचा आकडा देतो, तो फेकून देऊ नका. तो नीट समजून घ्या. अँड्रॉइडवर ही अचूकता म्हणजे अशी त्रिज्या, जिच्या आत तुम्ही असण्याची शक्यता ६८ टक्के आहे. फोन ‘२० मीटर’ म्हणाला तर साधारण तीनात एकदा तुम्ही त्या वर्तुळाच्या बाहेर असता. कोडमध्ये ‘अंतर ४० मीटरपेक्षा कमी असेल तरच चौकी घेता येईल’ एवढाच नियम लिहिलात, तर दरवाज्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तुमचा गेम सांगेल की तू इथे नाहीस. असं दोनदा झालं की तो माणूस गेम काढून टाकतो. लबाड खेळाडूमुळे जेवढे लोक जातात त्याच्या कितीतरी पट या एका कारणाने जातात.

मी वापरते तो नियम असा. अचूकता ६० मीटरपेक्षा वाईट असेल तर चौकी देत नाही, पण ‘तुम्ही लांब आहात’ असंही म्हणत नाही. ‘सिग्नल स्थिर होऊ द्या, थोडं मोकळ्यावर या’ एवढं सांगते. त्याहून चांगली असेल तर मोजलेल्या अंतरातून अचूकतेचा अर्धा भाग वजा करते आणि उरलेलं अंतर ४० मीटरच्या आत आहे का ते बघते. हे आकडे कोणत्याही पुस्तकातले नाहीत, गल्ल्या तुडवून बसवलेले आहेत. तुम्हालाही तुमचे बसवावे लागतील, म्हणून ते सर्व्हरवरच्या सेटिंगमध्ये ठेवा. ॲपमध्ये कोरून ठेवलेत तर आकडा बदलायला दरवेळी नवी आवृत्ती काढावी लागेल.

यातूनच कामाची वाटणी निघते. फोनने नकाशा दाखवायचा, ठिपका हलवायचा, बटण द्यायचं आणि लोकेशन पाठवायचं. अंतर मोजणं, चौकी कोणाची हे ठरवणं, गुण देणं आणि वेळ पाहणं सर्व्हरने करायचं. फोननेही अंतर मोजून बटण उजळवावं, खेळाडूला लगेच प्रतिसाद मिळतो, पण तो निव्वळ अंदाज. निकाल सर्व्हरचा. ‘आत्ता पुरतं फोनवर ठेवू, नंतर सर्व्हरवर नेऊ’ असं कृपा करून करू नका. ते ‘नंतर’ येतं तेव्हा खेळाडूंच्या फोनमध्ये जुन्या आवृत्त्या असतात आणि त्या महिनोन्महिने तुमच्या सर्व्हरशी जुन्याच पद्धतीने बोलत राहतात.

आता ‘चौकी घ्या’ हे बटण दाबल्यावर नेमकं काय व्हायला हवं, ते बारकाईने सांगते. गेमचा जीव इथेच आहे.

फोन एक रिक्वेस्ट पाठवतो. तिच्यात खेळाडूची ओळख पटवणारं टोकन, चौकीचा क्रमांक, अक्षांश, रेखांश, अचूकता, हे लोकेशन किती सेकंद जुनं आहे, आणि फोनने त्याच क्षणी तयार केलेला एक अनोखा रिक्वेस्ट क्रमांक एवढं असतं. लोकेशनचं वय मुद्दाम सेकंदांत मागते, कारण फोनच्या घड्याळावर माझा विश्वास नाही. लोक घड्याळ पुढेमागे करतात. अँड्रॉइड प्रत्येक लोकेशनसोबत फोन सुरू झाल्यापासून मोजलेली वेळही देतं. त्यावरून वय काढलं की फोनवर दिसणाऱ्या घड्याळाशी संबंध उरत नाही. पंधरा सेकंदांपेक्षा जुनं लोकेशन मी नाकारते. बाकी सगळ्या नोंदींवर वेळ सर्व्हरची, साठवायची यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत. ‘रोज मध्यरात्री गुण वाटप’ वगैरे असेल तर साडेपाच तासांचा फरक तिथेच धरा.

त्या अनोख्या रिक्वेस्ट क्रमांकाचं कारण सांगते. खेळाडू बटण दाबतो, रिक्वेस्ट सर्व्हरला पोचते, चौकी त्याच्या नावावर होते, पण उत्तर परत येताना रेंज जाते. फोनच्या दृष्टीने काहीच घडलेलं नाही. तो पुन्हा पाठवतो. आता सर्व्हर म्हणतो, ‘ही चौकी आधीच तुमच्या संघाची आहे’, आणि चौकी घेतल्याचा आनंद व्हायच्या ऐवजी समोर चूक दिसते. नाहीतर त्याहून वाईट, गुण दोनदा मिळतात. माझ्या पहिल्या गेममध्ये हे झालं आणि गुणांचा तक्ता दुरुस्त करायला आठवडा गेला. उपाय सोपा आहे. आलेला प्रत्येक रिक्वेस्ट क्रमांक आणि त्याला दिलेलं उत्तर एका टेबलात काही तास ठेवायचं. तोच क्रमांक पुन्हा आला तर काहीही न करता तेच उत्तर परत द्यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच क्षणी दोघांनी एकच चौकी घेणं. लाल महालाबाहेर दोन संघ समोरासमोर आले की हे होणारच, आणि तोच तर खेळातला रंगतदार क्षण. डेटाबेसमधल्या चौकीच्या ओळीत ‘आवृत्ती’ नावाचा, मालक बदलला की एकाने वाढणारा, एक रकाना ठेवा. समजा दोघांनी बटण दाबलं तेव्हा ती १७ होती : मालक बदलताना अटीतच लिहा की आवृत्ती अजून १७ असेल तरच मालक बदला आणि १८ करा. पहिल्याचं काम होतं. दुसऱ्याच्या वेळी एकही ओळ बदलत नाही, म्हणजे तो हरला, त्याला तसं सांगा. मालक बदलणं, गुण देणं आणि घटनेची नोंद हे तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झाले तर तिन्ही, नाहीतर एकही नाही. नोंदींचं टेबल फक्त भर घालायचं, त्यातली ओळ कधीही बदलायची नाही. पुढे भांडण आलं, आणि ते येतंच, की हेच टेबल तुमचा साक्षीदार.

डेटाबेस कोणता? पोस्टग्रेस आणि त्यावर पोस्टजीआयएस ही नकाशावरच्या जागांसाठीची जोड. दुसरं काही शोधू नका. ‘जिऑग्राफी’ प्रकारचा रकाना घेतलात की अंतर थेट मीटरमध्ये मिळतं आणि जवळच्या जागा शोधायला इंडेक्स (झटपट शोधायची सूची) वापरता येतो. अंशांवर पायथागोरस लावायचा मोह आवरा. पुण्यात अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, तर रेखांशाचा १०५-१०६ चा. चाळीस मीटरमध्ये हा फरक नगण्य आहे, पण शहर बदललं की वाढत जातो.

लोक तुम्हाला एसटू, एचथ्री, जिओहॅश अशी पृथ्वीचे छोटे भाग पाडणाऱ्या पद्धतींची नावं सांगतील. नियांटिक कंपनीने बनवलेले इनग्रेस आणि पोकेमॉन गो हे चालत खेळायचे गेम एसटूवर उभे आहेत, हे खरं. एसटू पृथ्वीच्या गोलाचे पटावरच्या घरांसारखे भाग पाडतं. पातळी ० ते ३०, आणि प्रत्येक घराला ६४ बिटांचा एक क्रमांक. पंधराव्या पातळीचं घर साधारण पावणेतीनशे मीटर लांब-रुंद असतं. याचा मोठा फायदा असा की ‘माझ्याभोवतीचं पाचशे मीटरमधलं दे’ हा प्रश्न प्रत्येक खेळाडूचा वेगळा असतो, पण ‘अमुक घरातलं दे’ हा प्रश्न त्या घरातल्या सगळ्यांचा एकच. उत्तर एकदा काढून ठेवलं की शंभर जणांना देता येतं. जागा लाखांत गेल्या की याला पर्याय नाही. पण तुमच्या चौक्या तीनशे आहेत. एका चौकीची माहिती दोनशे बाइट धरली तरी सगळ्या मिळून साठ किलोबाइट. एका छोट्या फोटोपेक्षा कमी. ॲप उघडताना सगळ्या देऊन टाका आणि हा विषय मिटवा.

यामुळे वेबसॉकेटचंही उत्तर मिळतं : नको. चालता खेळाडू टॉवर बदलतो, फोन खिशात टाकतो, मध्येच कॉल घेतो. प्रत्येक वेळी ते कनेक्शन तुटतं आणि ते पुन्हा जोडण्याचा कोड हाच मोठा प्रकल्प होऊन बसतो. त्याऐवजी फोनने दर दहा सेकंदांनी साधी एचटीटीपी रिक्वेस्ट (वेबपान उघडताना जाते तशी) पाठवावी : ‘माझ्याकडे ४८१२ व्या बदलापर्यंतची माहिती आहे, पुढे काय झालं?’ बहुतेक वेळा उत्तर ‘काही नाही’ असतं. पाचशे जण एकाच वेळी खेळत असले तरी सेकंदाला पन्नास रिक्वेस्ट होतात. एक बेताचा सर्व्हर हे आरामात पेलतो. ‘तुमची चौकी गेली’ एवढं कळवायला पुश नोटिफिकेशन वापरा. चालत खेळायच्या गेममध्ये दहा सेकंदांत माणूस फार तर पंधरा मीटर जातो, यापेक्षा जास्त घाईची गरज नसते. दर दहा सेकंदांच्या हिशोबात मात्र एकदोन सेकंदांचा यादृच्छिक फरक टाका. नाहीतर सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर सगळे फोन एकाच ठोक्यावर येऊन आदळतात.

भाराचा अंदाज मात्र विनम्रपणे करा. जुलै २०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा नियोजनात धरलेल्या भाराच्या पाचपट ही त्यांनी वाईटात वाईट शक्यता मानली होती. प्रत्यक्षात भार पन्नासपट आला. त्यांच्यामागे गूगल क्लाउडचे इंजिनिअर उभे होते. तुमच्यामागे कोणी नसेल, म्हणून सुरुवातीला निमंत्रणाने खेळाडू घ्या, आठवड्याला शंभर. दरवाजा अर्धा उघडा ठेवण्याची सोय कोडमध्ये पहिल्या दिवसापासून असू द्या.

आणि सर्व्हर टिकला तरी नेट टिकेलच असं नाही. २०१७ च्या जुलैत शिकागोच्या ग्रँट पार्कमध्ये पोकेमॉन गोचा मोठा मेळावा झाला. हजारो माणसं एका बागेत, मोबाईल नेटवर्क बसलं, लॉगिनही होईना. शेवटी तिकिटांचे पैसे परत करावे लागले. तुम्ही गणेशोत्सवात गेम सुरू करायचं म्हणताय. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर साधा मेसेज जायला किती वेळ लागतो ते आठवा. उत्सव हवाच असेल तर पहिले एकदोन दिवस घ्या, शेवटचा नको. त्या गर्दीत लोकांना फोनमध्ये डोकं घालून चालायला लावणंही बरं नाही.

युनिटीवाल्यासाठी एक खास गोष्ट. युनिटीमधली स्थानं ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये (साधारण सात अंकांपर्यंतच अचूक असलेल्या संख्येत) असतात. वेबवरच्या नेहमीच्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात पुण्याचा एक्स (आडवं अंतर) सुमारे ८२ लाख मीटर येतो, आणि एवढ्या मोठ्या आकड्यावर फ्लोटला अर्ध्या मीटरपेक्षा बारीक फरक दिसतच नाही. मग खेळाडूचं चित्र चालताना थरथरतं आणि तुम्ही जीपीएसला दोष देत बसता. शनिवारवाडा हा शून्य माना, सगळी वजाबाकी डबलमध्ये (६४ बिटांच्या, जास्त अचूक संख्येत) करा आणि उरलेला छोटा आकडा तेवढा युनिटीला द्या.

नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा घ्या. श्रेय दाखवणं बंधनकारक आहे, ते नीट दिसेल असं ठेवा. पोकेमॉन गोनेही २०१७ च्या अखेरीस गूगलचा नकाशा सोडून हाच धरला.

आता लबाडी. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शनमधून खोटं लोकेशन देता येतं. साध्या ॲपने दिलेलं असेल तर सिस्टीम स्वतःच लोकेशनवर तशी खूण करते, ती सर्व्हरला पाठवा. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टीमचे पूर्ण अधिकार मिळवलेल्या, फोनवर ती लपवता येते. गूगलच्या प्ले इंटिग्रिटी या तपासणीने त्यातले काही पकडता येतील, सगळे नाहीत. राहिला वेग : मागचं मान्य केलेलं लोकेशन, आताचं लोकेशन, मधला वेळ यांवरून तो काढा आणि अशक्य उडी दिसते का ते बघा. इथे घाई करू नका. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला. तिथे खाली उतरलेला खेळाडू तुमच्या सर्व्हरला दिसेनासा होतो आणि काही मिनिटांनी मंडईला वर येतो. तो लबाड नाही, फक्त मेट्रोने आलाय. म्हणून एका उडीवर कुणालाही हाकलू नका. उडीनंतर काही मिनिटं चौकी घेता येणार नाही एवढंच करा. प्रामाणिक माणसाला ते जाणवतही नाही, आणि घरात बसून शहरभर उड्या मारणाऱ्याचा सगळा फायदा जातो. खऱ्या जीपीएसमध्ये थरथर असते. तासभर सरळ रेषेत, एकाच वेगाने, एकाच अचूकतेने चालणारा खेळाडू दिसला की त्याचं नाव बाजूला काढून माणसाने तपासायचं. आणि एक पक्कं : जे फोनला कळायला नको ते फोनकडे पाठवूच नका. गुप्त खजिन्याची जागा ‘लपवलेली’ म्हणून पाठवलीत तर दुसऱ्या दिवशी ती सगळ्या ग्रुपवर असेल.

चौकीची जागा निवडताना इमारतीचा मध्यबिंदू घेऊ नका. शनिवारवाड्याचा मध्यबिंदू तटाच्या आत पडतो, तिथे तिकीट लागतं आणि संध्याकाळी दरवाजा बंद होतो. चौकी ठेवा दिल्ली दरवाज्यासमोरच्या पटांगणात, जिथे माणसं एरवीही निवांत उभी राहतात. प्रत्येक जागेपाशी स्वतः जाऊन उभं राहा आणि विचारा : इथे दहा जण फोन बघत थांबले तर कोणाची वाट अडेल, कोण गाडीखाली येईल? दवाखाने, शाळा, स्मशानं, घाटाच्या पायऱ्या वगळा. देवळांच्या बाबतीत चौकी बाहेरच्या चौकात. २०१६ मध्ये पोकेमॉन गोमधली ‘अंडी’ प्रार्थनास्थळांच्या जागी मिळतात म्हणून गुजरात उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली होती. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयालाही लोकांना ‘इथे खेळू नका’ अशी विनंती करावी लागली. एखाद्या जागेने काढायला सांगितलं तर त्याच दिवशी काढता यायला हवं. त्यासाठी चौकीला चालू-बंदचा रकाना ठेवा.

शेवटचा विषय तुम्ही विचारलेला नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी काम केलेल्या एका गेममध्ये प्रत्येक चौकीवर ‘कोणी, केव्हा घेतली’ हे मिनिटासकट सगळ्यांना दिसायचं. एक मुलगी क्लासवरून येताना रोज साडेआठच्या सुमाराला घराजवळची एकच चौकी घ्यायची. तिसऱ्या आठवड्यात एक अनोळखी खेळाडू तिथे तिची वाट बघत उभा होता. पुढच्या दिवशीही. तिने आम्हाला कळवलं तेव्हा आमच्या लक्षात आलं की तिचा पत्ता आणि वेळापत्रक आम्हीच छापत होतो. कोणी सर्व्हर फोडला नव्हता, सगळं आमच्या डिझाइनमध्येच होतं. त्या रात्री आम्ही नावं आणि वेळा काढून टाकल्या.

म्हणून इतरांना फक्त संघ दाखवा, व्यक्ती नको. वेळ दाखवायचीच तर ‘आज’, ‘काल’ एवढी. खेळाडूचा ठिपका दुसऱ्या खेळाडूला कधीही नाही. सर्व्हरवर चालण्याचा माग साठवू नका. चौकी घेतल्याच्या घटना ठेवा, कच्चं लोकेशन तीस दिवसांत पुसा, आणि ते पुसणारं काम खरंच चालतंय का हे दर आठवड्याला बघा. तुमच्या खेळाडूंत शाळेतली मुलं असणारच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं, त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. वकिलाशी बोला, गेम सुरू करण्याच्या आधी. लोकेशनची परवानगी फक्त ‘ॲप वापरत असताना’ची मागा. त्याने बॅटरीही वाचते, आणि ॲप वापरात नसतानाही चालू राहणाऱ्या लोकेशनसाठी प्ले स्टोअरला जी वेगळी कारणं द्यावी लागतात तीही टळतात. अँड्रॉइड १२ आणि आयओएस १४ पासून खेळाडू ‘अंदाजे लोकेशन’ निवडू शकतो. तसं झालं तर फोन काही किलोमीटरची ढोबळ जागा देतो. त्याला अचूक लोकेशन का हवं ते एका वाक्यात, मराठीत समजावून सांगा.

कोड लिहायला बसण्याआधी या रविवारी एक काम करा. तीन फोन घ्या, त्यातला एक सगळ्यात स्वस्त. मंडईपासून तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता, मग कसबा गणपती, लाल महाल आणि शनिवारवाडा असं चाला. तिन्ही फोनवर दर सेकंदाचं लोकेशन आणि अचूकता फाइलमध्ये लिहून घ्या, आणि प्रत्येक ठिकाणी खरंच पोचलात ती वेळ वहीत टिपून ठेवा. एकदा सकाळी सातला, एकदा संध्याकाळी गर्दीत. त्या सहा फाइल्स जपून ठेवा. सर्व्हर तयार झाला की त्या जशाच्या तशा त्याच्याकडे पाठवायच्या आणि बघायचं की तुम्ही जिथे खरंच उभे होता तिथली चौकी मिळाली का. पुढे ४० मीटरचे ३५ करावेसे वाटले तरी आधी याच सहा फाइल्स पुन्हा चालवा. स्वस्त फोनच्या फाइलीत तुळशीबागेपाशी काय होतं ते मला नक्की कळवा.